खालच्या वावरातल्या दगडांबाबत

मी, इंदुताई वसंतराव गावंडे, वय चौऱ्याहत्तर, राहणार मौजे सायखेडी, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे तेवढे नाहीत. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वखुशीने ही व्यवस्था करीत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा रजत यास द्यावे. तो पुण्यास असतो. त्याने विकले तरी माझी हरकत नाही.

२. माझ्या नावचे खालचे वावर मुलगी समीक्षा हिस द्यावे. कापूस की तूर, ते तिने ठरवावे. मात्र नाल्याकडील दगडांच्या वर्तुळांत नांगर घालू नये. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी तेथे आपली माणसे पुरली आहेत. विद्यापीठाच्या लोकांनी एक वर्तुळ खोदले, तेव्हा एका बाईची हाडे, तांब्याचे कडे व घोड्याचा लगाम निघाला.

३. त्यातील एकही वस्तू माझ्या घरात नाही. सर्व संग्रहालयात आहे. हे लिहिणे भाग आहे. सामान पेट्यांत भरून गेले, गावाला कुणी काही सांगितले नाही, म्हणून हंड्याची आवई उठली. माझे दीर पुंडलिकराव दारात येऊन म्हणाले, "वहिनी, सोन्याचा हंडा निघाला, अन् मले काहून नाही सांगतलं?"

"भाऊजी, हाडं निघाली," मी म्हटले.

त्यांना पटले नाही. मी माहेरी गेले असता त्यांनी जेसीबी लावून शेजारचे वर्तुळ उलथले. हाती खापरे आली. मी त्यांच्याशी बोलणे सोडले.

मग खोदकामाच्या मॅडमकडून फोटो मागून घेतले, फलक छापले आणि दरवर्षी कापूस वेचून झाल्यावर वावरातच लोकांना या दगडांविषयी सांगू लागले. एकदा एसटी ठरवून गावच्या बायांना संग्रहालयात नेले. पुंडलिकराव न बोलावता मागच्या सीटवर येऊन बसले.

काचेपुढे तांड्यावरच्या बिजलीबाईने आपला हात धरून पाहिला. "हे कडं तं माह्या हातात बसन. कोनाची लेक असन वं ही?"

सोन्याचे कुणी विचारले नाही. पुंडलिकराव तेथून लवकर हलले नाहीत.

त्यानंतर दरवर्षी ते मोडक्या वर्तुळापाशी उभे राहतात व पाहुण्यांना स्वतःच सांगतात, "हे म्या मोडलं. हंडा नाही भेटला. इथं कोन होतं, ते आता कोनालेच समजनार नाही." पहिल्यांदा ऐकले, त्या दिवशी मी त्यांना चहा दिला.

४. फलक, भोंगा व सतरंज्या समीक्षाकडे राहाव्यात. आलेल्यास आधी पाणी द्यावे. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणावे, पदरचे जोडू नये.

५. कासाराकडून करवून घेतलेले तसलेच कडे बिजलीबाईस द्यावे. ते नवे आहे, कुणी शंका घेऊ नये.

६. पुंडलिकरावांना काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात, आणि मला साक्षीला तेच हवे आहेत.

ठिकाण: घाटंजी
दिनांक: ११ मार्च २०२४

सही: इंदुताई वसंतराव गावंडे

त्यांनी आमच्यादेखत व आम्ही त्यांच्यादेखत सही केली:
१. पुंडलिकराव गावंडे, दीर
२. विमलताई शेंडे, शेजारी