न चाखलेला द्राक्षरस

लातूर, रविवार संध्याकाळ

लातूर जिल्हा झाला, नळ मात्र कोरडाच. माझ्यासोबत राहणाऱ्या योहाननं टँकरवरून आणलेल्या पाण्यात मनुके भिजवून मी चर्चमधल्या प्रभुभोजनाचा रस केला, दुहेरी फडक्यातून गाळला. प्रभूच्या मेजाआधी तो चाखायचा नाही, हा माझा नेम.

आज पाळकसाहेबांनी प्याला मला न देता माझ्यापुढून तसाच नेला. उपासनेनंतर म्हणाले, "भाऊ, त्या योहानला घराबाहेर काढा, मग या."

कसा काढू? माझं प्रेम आहे त्याच्यावर. ज्या प्रभूनं मला असा घडवला, त्यानंच हा माणूस दिला, असं मानत आलो. मग प्याला कोणाचा? पाळकसाहेबांचा?

टँकरच्या रांगेतून योहान परतला. घागर उतरवताच विचारलं, "रस गोड झाला का गा?"

"हाव, लई गोड झाला," म्हणालो.