उजव्या कोपऱ्यातली फुली

५ मार्च

बदलला! मी ह्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले, तेवढ्या वेळात थोरलीने घरातला कॉम्प्युटर बदलून टाकला. यंत्र तर बदललंच, आतली सिस्टीमसुद्धा. इतक्या वर्षांची! मला विचारलं नाही. ह्यांना तर नाहीच.

“आई, जुनी सिस्टीम धोक्याची झाली होती. बनवणाऱ्यांनीच तिच्याकडे बघायचं सोडलंय. कोणीही आत शिरलं असतं.”

कोण शिरणार होतं गं? जिन्यांचे नकाशे चोरायला?

चार दिवस आली, घर उलटंपालटं केलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीसुद्धा. लेक झाली म्हणून काय झालं! निघताना माझा पापा घ्यायला वाकली. मी गाल पुढे केला नाही.

६ मार्च

चहा झाल्यावर हे नेहमीसारखे खुर्चीत बसले. चष्मा पुसला. बटण दाबलं.

पूर्वी ती छोटीशी धून वाजायची आणि हे तिच्याबरोबर गुणगुणायचे — शेवटचा सूर हमखास खालचा लागायचा. मग ती हिरवी टेकडी, निळं आकाश. आज नुसतं ‘टंग्’ झालं आणि सांडलेल्या सरबतासारखं काहीतरी जांभळं पडद्यावर पसरलं.

ह्यांचा हात खाली डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे काही नाही. वर उजव्या कोपऱ्यात गेला — खिडकी बंद करायची फुली तिथेच असायची. तिथेही काही नाही! नव्या शहाण्यांनी फुली उचलून डावीकडे नेली आहे, आणि तीही फुली राहिलेली नाही, लाल टिकली झाली आहे. हे आपले उजव्या कोपऱ्यात टिचक्या मारत राहिले. खिडकीवर खिडकी उघडत गेली, बंद एकही होईना.

“अगं, हे टेबल कोणाचं आहे?”

“तुमचंच.”

“छे! माझ्या टेबलावर असला पसारा नसतो.”

७ मार्च

पुन्हा तेच. आज माउस आपटला.

८ मार्च

थोरलीला फोन केला. जे तिला ठाऊक असायला हवं तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाबांना आज काय जेवले ते आठवत नाही. निवृत्त झालोय हे आठवत नाही. पण आयुष्यभर आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून जिने काढले, ते बोटांना आठवतं. सकाळी त्या खुर्चीत बसले, एखादा जुना नकाशा उघडला, एक पायरी सरकवली, एक कठडा सरळ केला, की जेवणापर्यंत ते जागेवर असतात — मनानेही! ते थांबलं की पाय दाराकडे वळतात. ऑफिसला उशीर होतोय म्हणून. मागे असे बाहेर पडले होते, तेव्हा कुठे कुठे शोधलं होतं ते तुला सांगितलं नव्हतं का?

“म्हणूनच म्हणते आई, ते वृद्धांचं केंद्र एकदा बघून येऊ. तिथे कायम माणसं असतात लक्ष ठेवायला.”

“इथे मी आहे.”

“तू कुठे कुठे पुरणार?”

म्हणजे आधी माणसाच्या हातचं काम काढून घ्यायचं, मग म्हणायचं, बघा, हा रिकामा भटकतो, ह्याला दुसरीकडे ठेवू या! वा गं वा!

निरोप घेतल्याशिवाय फोन खाली ठेवू नये, असं आम्हाला कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं. मी ठेवला.

१० मार्च

कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन जुना डबा परत मागितला. दुरुस्तीवाल्याचं नाव मी ‘टेन्शन-नाही’ ठेवलं आहे, कारण दुसरं वाक्य त्याला येत नाही. कपाळावर एक चष्मा, नाकावर एक.

“काकू, काही टेन्शन नाही. डबा आहे. आतलं सगळं पुसलंय.”

“पुसलंय? कोणाला विचारून?”

“ताईंनीच सांगितलं. नकाशे तेवढे नव्यात घेतलेत. टेन्शन घेऊ नका.”

“मग ती जुनी सिस्टीम पुन्हा घाला आत.”

“ती आता मिळत नाही हो. आणि मिळाली तरी ह्या डब्याचे आता दोनच दिवस राहिलेत. घरघर ऐकलीत ना त्याची?”

ऐकली होती की! रोज ऐकत होते. मला ती आवडायची. घरात कोणी आजोबा पेपर वाचता वाचता डुलकी काढताहेत असं वाटायचं.

“तुमच्याकडे माणसं आली तर त्यांनाही असंच पुसून देता का?” मी म्हटलं. त्याने दोन्ही चष्मे काढून पुसायला घेतले. बरं वाटलं.

११ मार्च

वन्सं वरच्या मजल्यावरून खाली आल्या. ह्यांना गप्प बसलेलं बघून म्हणाल्या, “बरंच झालं वहिनी. त्या डबड्यापायी दादा सख्ख्या बहिणीशी बोलायचा नाही.” आता तरी कुठे बोलतोय? तासभर समोर बसल्या, आपल्या गुडघ्यांची हकिकत सांगितली, आणि हे मध्येच उठून त्यांना म्हणाले, “साहेब आले की सांगतो.” वन्सं पदर सावरत वर गेल्या.

मला हसू आलं. येऊ नये, पण आलं.

१२ मार्च

आज जे व्हायला नको तेच झालं.

खूप खटपटीनंतर माझ्याच्याने एक नकाशा उघडला. वळणाचा जिना. ह्यांच्या डोळ्यांत क्षणभर ओळख आली — आणि मग मापं दिसली. मापं कसली, आकड्यांच्या जागी चौकोन! पायरीची उंची, चौकोन. रुंदी, चौकोन. नव्या सिस्टीमला जुनी अक्षरं ओळखता येत नाहीत म्हणे.

“कोण बसलं होतं माझ्या जागेवर?” हे ताडकन उठले. “मापं खोडलीत! असा जिना बांधला तर माणसं पडतील!”

मी चहाचं आधण उतरवायला आत गेले. तेवढंच. बाहेर आले तर दार सताड उघडं आणि खुंटीवरचा ऑफिसचा कोट गेलेला.

औषधवाल्याने फोन केला म्हणून सापडले. चौकातल्या त्या बँकेच्या इमारतीत, जिन्यावर उभे होते. पायात चपला नाहीत. पट्टी लावून पायरी मोजत होते, आणि वर जाणाऱ्या सगळ्यांना हात आडवा करून सांगत होते, “थांबा, वर जाऊ नका, अजून तपासून झालेलं नाही.” दोन कॉलेजच्या पोरी फिदीफिदी हसत होत्या. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की दोघी पायऱ्या उतरून पळाल्या.

तो जिना मी ओळखते. ह्यांनीच काढलेला. लग्न ठरल्यावर माझ्या सगळ्या मैत्रिणींना बागेत फिरायला नेलं गेलं, मला ह्यांनी हा जिना दाखवायला आणलं होतं! “डोळे मिटून चढ,” म्हणाले होते. “पायरी पावलाला आधी कळायला हवी, डोळ्यांना नंतर.” मी कॉन्व्हेंटची, मिटल्या डोळ्यांनी परपुरुषाचा हात धरून चढले. कुठेही अडखळले नाही.

आज मी ह्यांचा हात धरून ह्यांना उतरवलं.

१३ मार्च

वन्संनी चोंबडेपणा केला. थोरलीला सगळं कळलंय. महिनाअखेर येणार आहे, केंद्रात नाव घालायला. आता ‘बघून येऊ’ नाही. नाव घालायला!

“आई, हा रागाचा प्रश्न नाहीये.”

माझ्यासाठी आहे. माझ्याजवळ सध्या तेवढंच आहे.

१४ मार्च

ह्यांनी दिवसभर कोट काढला नाही.

१५ मार्च

ठरवलं. मी शिकणार. ही जांभळी भवानी मला आवडत नाही, आवडणारही नाही, पण हिच्या घरात काय कुठे ठेवलंय ते मला कळलंच पाहिजे. हे दुपारी पडले की मी बसणार.

‘टेन्शन-नाही’ला बोलावलं. नकाशे काढायचा नवा प्रोग्रॅम त्याने दाखवला. जुन्यात ‘एल’ दाबून एंटर केलं की रेघ सुरू व्हायची. ह्यात ‘एल-आय’. का? एका अक्षराने काम होत असताना दोन कशाला? ह्याला म्हणे प्रगती म्हणतात. चौकोनांचे पुन्हा आकडे मात्र त्याने करून दिले, कुठलंतरी जुनं अक्षरवळण आत घालून. निघताना म्हणाला, “काकू, तुमची बोटं भारी चालतात हो.”

चालणारच. टायपिंगच्या तासाला सिस्टर आमच्या हातांवर फडकं टाकायच्या. कुठली कळ कुठे ते बघायचं नाही! मान खाली गेली की मागून हनुवटीला पट्टी लागायची. लागायची म्हणजे टेकायची नुसती. थंडगार लाकूड. किती घाबरायचो आणि किती प्रेम होतं त्यांच्यावर.

१७ मार्च

चुकून सगळा नकाशा पुसला. शिव्या दिल्या. मला येतात त्या दोन्ही.

१८ मार्च

परत मिळवला. हिच्याकडे पुसलेलं ठेवायचा एक डबा आहे, त्यात होता. तरी मी आभार मानलेले नाहीत.

२० मार्च

आज ह्यांना बसवलं. शेजारी बसून दाखवलं तर चिडतात, “मला येतं!” म्हणतात. म्हणून मी मागे उभी राहिले, सिस्टर उभ्या राहायच्या तशी. आवाजही तसाच काढला.

“मान वर. बोटं गोल. एल. आय. एंटर.”

पाठ आपोआप ताठ झाली ह्यांची! ‘एल’ दाबला. थांबले. बोट एंटरकडेच निघालं होतं.

“आय राहिला.”

“येस, मिस!”

मला इतकं हसू आलं! हेही हसले. किती दिवसांनी.

एक रेघ आली. वाकडी नव्हती.

२१ मार्च

सकाळी सगळं पुसलेलं. पाटी कोरी. पुन्हा पहिल्यापासून.

२३ मार्च

पण बोटांची पाटी वेगळी असावी. आज ‘आय’ सांगावा लागला नाही. हात अजून उजव्या कोपऱ्यात जातो, पण जाऊन परत फिरतो, चुकीच्या घरी आल्यासारखा जरा ओशाळतो आणि डावीकडची टिकली दाबतो. मला त्या हाताचा मुका घ्यावासा वाटला. मिसने असलं करायचं नसतं म्हणून राहिले.

२६ मार्च

तीन पायऱ्या. कठड्यासकट! “मिस, हा कठडा मुठीत बसला पाहिजे,” म्हणाले. “नुसता दिसायला नको.” मी म्हटलं, “व्हेरी गुड.” चेहरा असा फुलला!

कोट आता खुंटीवर असतो.

वन्सं दारातून बघत होत्या. “ही काय नवीन थेरं, वहिनी? ह्या वयात शाळा-शाळा?” त्यांना म्हटलं, गुडघे दुखत असतील तुमचे, बसू नका, वर जा.

३० मार्च

थोरली आली. केंद्राची माहितीपत्रकं पर्समध्ये घालून. मी दार उघडलं आणि तिला सरळ खुर्चीमागे नेऊन उभी केली.

हे काढत होते. दोन वळणांचा जिना, मध्ये विसावा. एकदाही अडले नाहीत. खिडक्या उघडल्या, बंद केल्या, माप घातलं, पुन्हा तपासलं.

“बाबा, जमतंय की!”

“मिसना विचार,” हे मान न वळवता म्हणाले. “त्या कडक आहेत.”

थोरली हसली. मग डोळे पुसत तिथेच पायाशी बसली. बराच वेळ. जाताना म्हणाली, “राहू दे, आई. इतक्यात नको नाव घालायला. घरीच बरे आहेत.” माहितीपत्रकं तिने आपणहून फाडली. ह्या वेळी मी गाल पुढे केला.

हरवलं! त्या जांभळ्या भवानीला, त्या केंद्राला, वन्संना, सगळ्यांना हरवलं!

२ एप्रिल

नकाशा पुरा झाला. ह्यांनी वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आत कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “मिस, एक विनंती आहे. मला हे शिकायला इतका वेळ लागला, ते आमच्या हिला कळू देऊ नका. ती मला फार हुशार समजते.”

“नाही कळू देणार,” मी म्हटलं.