नातवाच्या अंगातला शर्ट

नातू इथल्या देशाचा शर्ट घालून मैदानात उतरला आणि तुम्ही टीव्ही बंद करून बाहेर जाऊन बसलात, हे मला थोरल्या लेकीनं सांगितलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर शोभा केलीत. फोनवर विषय काढला की तुम्ही फोन ठेवता, म्हणून लिहिते आहे. नमस्कार करते, रागातच.

माझे गुडघे बरे आहेत. सून गोळ्या वेळेवर देते. तुमचा खोकला थांबला का?

आता मॅचचं ऐका. आपलं राष्ट्रगीत लागलं तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं. मग इथल्यांचं लागलं. आपल्या पोरानं छातीवर हात ठेवून ते सगळं म्हटलं. आपल्या गाण्याच्या त्याला दोन ओळी येतात. शिकवलं कोणी?

त्यानं आपल्या देशाच्या संघावरच गोल मारला. मी टाळ्या वाजवल्या आणि लगेच हात पदराखाली घेतले. मैदानात माझ्या मागच्या रांगेत आपल्याकडचेच लोक होते. एकानं विचारलं, "आजी, तुम्ही कुणाकडून?" मी म्हटलं, "मुकाट्यानं मॅच बघ." मला तरी कुठं ठाऊक होतं?

तो परत येईल ही आशा सोडा. त्याच्यासाठी अडवून ठेवलेली माडीवरची खोली भाड्यानं द्या.

घरी येऊन बूट काढता काढता त्यानं विचारलं, "आजोबांनी बघितलं का गं?" मी हो म्हटलं.

तेव्हा गोल कसा झाला ते लेकीला विचारून घ्या, तिनं मॅच शेवटपर्यंत बघितली, आणि त्याला पत्र लिहा. त्याला आपली अक्षरं येत नाहीत, मी वाचून दाखवीन. पण लिहायचं तुम्हीच, लेकीनं नाही.