एकतीस मशिनी आणि भिंतीवरचा फळा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शर्ट शिवण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल काही लिहून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायचा प्रयत्न दोघांनी केला, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली. पुढचं वाचन कापडाच्या गठ्ठ्यांना गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवर झालं, तेव्हा भाषेत कुठे टाका सुटला असेल तर वकिलांनी सगळी शिवण उसवू नये.

याआधीची दोन मृत्युपत्रं मी फाडली. घराची अडचण नव्हती, अडचण कारखान्याची. माझ्यामागे तो माझ्या थोरल्या मुलाकडे जावा, की सव्वीस वर्षं माझ्या मशिनींच्या लाइनवर कॉलर शिवणाऱ्या बाईकडे? तिथे बसणाऱ्या एकतीस जणींचे पुढचे दिवस कसे जातील ते यावर ठरणार आहे.

कलम १. घराचा वरचा मजला थोरल्याला, खालचा मुलीला. गच्ची दोघांची. भांडण झालं तर तोंडाने करावं, एकमेकांचे वाळत घातलेले कपडे ओढू नयेत. बँकेत जे असेल ते मुलीला. का, ते थोरल्याने विचारू नये. माझी औषधं कोण आणतं ते त्याला माहीत आहे.

कलम २. माझी मोठी कात्री कटिंग मास्तरांना. त्यांना साक्षीदार करणार होते, पण साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले. मास्तर लगेच म्हणाले, "मग सहीला दुसरा माणूस बघा ताई, मला कात्री द्या."

कलम ३. पायाचं काळं मशीन नातीला. ती त्यावर पुस्तकं रचते, रचू दे. महिन्यातून एकदा तेल घालावं, एवढंच.

कलम ४. रुसवेफुगवे. माझी जाऊ सगळीकडे सांगायची की हिच्या घरी जेवायला बसलं की ताटात धागे निघतात. निघायचे, खोटं कशाला बोलू. तिला मी माफ केलं आहे आणि माझी लोकरीची शाल तिला द्यावी. धागे काढून.

मी दुसऱ्याच्या कारखान्यात कॉलरवर बसायचे, तेव्हा हातात घड्याळ घेऊन एक साहेब आले होते. दिवसभर मागे उभे राहून त्यांनी लिहिलं, की ही बाई दर कॉलरमागे मान वर करून वेळ घालवते. अहो, मी मान वर करायचे ती पुढच्या बाईचा हात रिकामा बसलाय का ते बघायला! तिच्याकडे माल पोचला नाही तर माझी घाई कोणाच्या कामाची? त्यांना काही देऊ नये. घड्याळ त्यांच्याकडे आहेच.

कलम ५. मी तरी कुठली शहाणी? मालकीण झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर सगळ्या मशिनींची तोंडं भिंतीकडे फिरवली. बायका खिडकीतून रस्ता बघत बसतात, असं माझ्या मनाने घेतलं. महिनाभर काळ्या शर्टांवर गडद निळा दोरा चालला. खिडकीच्या उजेडात बायका दोऱ्याचा रंग पारखत होत्या, हे मला माल परत आल्यावर कळलं. "मग बोलला का नाहीत गं?" तर कॉलरवाली म्हणाली, "विचारलं कुठे तुम्ही? फर्निचर हलवलंत आणि गेलात." त्याच दिवशी मशिनी परत फिरवल्या.

कलम ६. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी तीन महिने पडून होते. कारखाना थोरल्याने चालवला. मुलगा वाईट नाही. शिकलेला आहे, ऑर्डर आणण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण त्याने भिंतीवर फळा लावला. दर तासाला प्रत्येकीच्या नावापुढे पीसचा आकडा. रेडिओ बंद. बाथरूमला जायचं तर टोकन, आणि टोकन एकच.

पहिल्या आठवड्यात आकडे चढले. तो दवाखान्यात पेढे वाटायला निघाल्यासारखं तोंड करून आला. तिसऱ्या आठवड्यात कॉलरवाली, जिचा आकडा सगळ्यांत वर, तीच मुद्दाम हळू झाली, आकडा चढला की टार्गेटही चढतं म्हणून. तिच्या कॉलरींची वाट बघत शेजारची कॉलर जोडणारी रिकामी बसायची आणि बोलणी त्या बिचारीला बसायची. जेवणाच्या सुट्टीत दोघी तोंड फिरवून बसायला लागल्या. मग एके दिवशी चाळीस शर्ट दोन्ही डाव्या बाह्यांचे निघाले.

"आई, बायका कामचुकार आहेत," थोरला म्हणाला.

"साहेब, टार्गेट आम्ही गाठलं," कॉलरवाली म्हणाली. "उजवा हात तेवढा राहून गेला."

मी परत आले तेव्हा रेडिओ लावला, टोकन कचऱ्यात टाकलं. फळा राहू दिला. त्यावर माझा राग नाही, त्यावर काय लिहितात याच्यावर आहे.

कलम ७. कारखाना, एकतीस मशिनी, कटिंगचं टेबल आणि चालू ऑर्डरी मी ~~कॉलरवालीला~~ कॉलरवालीला आणि थोरल्याला निम्म्या निम्म्या देत आहे.

ही खाडाखोड कशी झाली ते लिहिते, नाहीतर माझ्यामागे कोणी कोर्टात जाईल. गेल्या रविवारी मी दोघांना बोलावून हे वाचून दाखवलं. मेल्यावर घरात बॉम्ब फुटण्यापेक्षा जिवंतपणी फुटलेला बरा, मला बघता तरी येतो. थोरल्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी बाहेरचा?"

"तू बाहेर उभा असतोस रे," मी म्हटलं. "एकदा आत बसून बघ."

दोन दिवस तो कारखान्याकडे फिरकला नाही. बुधवारी बाह्या जोडणारी रजेवर होती. हा आला आणि तिच्या मशीनवर बसला. जेवणापर्यंत अकरा बाह्या, त्यातल्या सात उसवाव्या लागल्या. सगळी लाइन तोंडात पदर कोंबून हसत होती. मग तो पाठ धरून उठला. मला वाटलं, चालला घरी. तो गेला कटिंगच्या टेबलामागे, प्लायवूडचे तुकडे आणले आणि खुर्चीच्या पायांखाली ठोकले. बसून बघितलं. मग शेजारणीला म्हणाला, "तुमची पण उंच करून देऊ का?" संध्याकाळपर्यंत चौदा खुर्च्या झाल्या. फळा त्याने स्वतः पुसला आणि बायकांना म्हणाला, कोणाचं काय दुखतं, कोणाची सुई सारखी तुटते, ते इथे लिहा. पहिल्याच दिवशी जागा पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलरवाली माझ्याकडे आली. "ताई, सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात घालू नका. तुमच्या पोराला शिवता येत नाही, पण विचारता येतं. मी विचारत बसत नाही, सरळ ओरडते."

म्हणून पेन घेतलं. अट एकच: ज्या मशीनबद्दल काही बदलायचं असेल, तिथे थोरल्याने आधी एक दिवस बसावं. तरीही दोघांचं जमलं नाही, तर त्या मशीनवर रोज बसणारी जे म्हणेल ते करावं.

कलम सातमधली खाडाखोड माझीच, शुद्धीत केलेली. त्या कलमात ज्यांना कारखाना दिला त्या दोघांनी तिच्या बाजूला सही केली आहे, साक्षीदार म्हणून नव्हे, वाचल्याची खूण म्हणून.

ठिकाण: कारखाना, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: चालू महिन्याची अकरा तारीख, सुट्टीचा दिवस

लिहून देणार: सही

साक्षीदार पहिले: माझे डॉक्टर, सही
साक्षीदार दुसरे: समोरचे बटणवाले, सही

वाचल्याची खूण: कॉलरवाली, सही
वाचल्याची खूण: थोरला, सही (वाकडी आली आहे, पण त्याचीच आहे, बोटात सुई गेली म्हणून पट्टी बांधली आहे)