आपण पुलापाशी थांबायचं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा, गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून, नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण नंतर उठवायला घरात दुसरं माणूस नाही. हा विषय पुढे येणारच आहे.) तुझी कंबर आणि तुझं शिलाई मशीन, दोन्ही कुरकुरत का होईना, चालू असतील असं धरून चालतो. माझी प्रकृती उत्तम आहे. पायाला दोन फोड, नाकाचं सालटं निघालेलं आणि मान उजवीकडे वळत नाही, एवढं सोडलं तर अगदी ठणठणीत.

आठ महिन्यांनी लिहितोय. कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून मला गृहीत धरण्याचा तिटकारा आला आहे. तुझ्या शेवटच्या पत्रात तू लिहिलं होतंस, ‘या वयात आपण असं एकटं राहू नये. आपण विचार करावा.’ आपण! मी रांगत होतो तेव्हापासून जिनं मला ‘ए ठोंब्या’ याखेरीज हाक मारली नाही, तिनं मला ‘आपण’ म्हणावं? जिन्यात चपला ठेवू नयेत अशी विनंती करणाऱ्या पाटीवर असतो तसला ‘आपण’! मला वाटलं, बहिणीनं परकं केलं ते केलं, वर म्हाताराही ठरवलं. मग रागाच्या भरात मी काय केलं ते तुला माहीतच आहे. तुझ्या पत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका लाल शाईनं सुधारल्या, पहिला ‘आपण’ खोडला, समासात ‘कोण?’ असं लिहिलं आणि ते पत्र तुलाच उलट टपालानं पाठवलं. तुझं उत्तर आलं नाही आणि माझंही दुसरं पत्र गेलं नाही.

तर हे पत्र मुळात विजयाचं पत्र आहे, हे ध्यानात ठेवून वाच. मी एकटा राहू शकतो एवढंच नव्हे, तर एकटा डोंगरात जाऊन, तीन तळी आणि दोन गावं बघून, एकटा घरी परत येऊ शकतो, हे तुला कळवावं म्हणून गेल्या रविवारी मी एका दिवसाच्या सहलीला गेलो. (बरोबर सात प्रवासी, एक गाईड आणि एक ड्रायव्हर होते. पण मी कुणाला ओळखत नव्हतो, तेव्हा एकटाच म्हणायचं.) सहलीच्या माहितीपत्रकात अकरा चुका होत्या. ‘निसर्ग’ चा ‘निर्सग’ तर असतोच, पण ‘दुसऱ्या तळ्याकाठी एक तास जेवण’ याच्या जागी चक्क ‘एक तास जीवन’ छापलं होतं. मी ते सगळं गाडी सुटण्यापूर्वीच लाल पेनानं सुधारून गाईडच्या हातात ठेवलं. तिशीची, उन्हानं रापलेली, डोक्याला रुमाल बांधलेली पोरगी. दुसरी एखादी फणकारली असती. हिनं कागद नीट वाचला, ‘काका, तुम्ही आधी भेटला असतात तर बरं झालं असतं’ म्हणाली आणि घडी घालून खिशात ठेवला. तिथंच मला पहिला धक्का बसला. मी दिवसभर चुका काढायच्या तयारीनं गेलो होतो, आणि ही बाई मला तक्रारीला जागाच ठेवीना.

एक गोष्ट मात्र खटकली. ती आम्हाला मोजायची. गाडीत चढलो की मोजायची, उतरलो की मोजायची, कुणी झाडाआड जाऊन आलं की पुन्हा मोजायची. आणि नुसतं बोट दाखवून नाही, तर प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून, एक, दोन, तीन. मी सगळ्यात मागे असायचो म्हणून माझा नंबर आठ. मी काय गोणपाट आहे का मोजायला, असं मनात आलं, पण तिचा हात इतका हलका होता की बोललो नाही.

सहप्रवाशांत एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको होती, एक नवं जोडपं होतं (त्यांनी तिन्ही तळी एकमेकांच्या गॉगलमध्ये पाहिली), वाटेत कुठंही बसून झोपू शकणारे एक गृहस्थ होते, आणि सत्तरीच्या पुढच्या दोघी बहिणी होत्या. थोरलीला ऐकू येत नाही आणि धाकटीला नीट दिसत नाही. थोरली पाण्याचा रंग धाकटीला सांगायची, आणि धाकटी, गाईड काय म्हणाली ते थोरलीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगायची. खिडकीवरून मात्र दोघी अशा भांडत होत्या की ड्रायव्हरनं दोनदा आरशातून मागे पाहिलं. (तो ड्रायव्हर दिवसभरात एकूण चार शब्द बोलला. पण वळणावर गाडी अशी घ्यायचा की माझ्या मांडीवरचं उघडं पेन जागचं हललं नाही. अशा माणसानं बोलायची गरजच काय?)

ताई, पहिलं तळं दिसलं तेव्हा मी नापसंती दाखवायला म्हणून तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. (डॉक्टरांनी ती संधी साधून माझी डावीकडची दाढ बघून घेतली. काढावी लागेल म्हणतात.) पाण्याला निळं म्हणावं तर ते हिरवं, हिरवं म्हणावं तर निळं, आणि तळाचा एकेक गोटा मोजून घ्यावा इतकं स्वच्छ. समोरचा अख्खा डोंगर, बर्फासकट, पाण्यात उलटा उतरलेला. पस्तीस वर्षं मी लेखकांची ‘निळेशार’ आणि ‘अथांग’ अशी विशेषणं अतिशयोक्ती म्हणून लाल शाईनं खोडत आलो. ते माझं काम नव्हतं, तरी खोडायचो. त्या सगळ्यांची क्षमा मागावी असं वाटलं. त्यातले बरेच आता हयात नाहीत, आणि जे आहेत ते माझ्याशी बोलत नाहीत.

मग पहिलं गाव आलं. दगडी घरं, लाकडी गॅलऱ्या, आणि अख्ख्या गावात एकही पाटी नाही, म्हणजे एकही चूक नाही. तिथं एक कारागीर उंबऱ्यात बसून लाकडाचे चमचे कोरत होता. माप म्हणून त्याच्याकडे काही नाही. स्वतःचा अंगठा चमच्याच्या खोलगटात बसला की चमचा झाला. मी अर्धा तास त्याचे हात बघत उभा राहिलो. चूक झालीच तर तो ती खोडत नाही, तिथून पुढे चमच्याचा आकारच थोडा बदलतो. मी एक चमचा घेतला. ‘एकच?’ असं त्यानं विचारलं. ‘एकच’ असं मी ताठ मानेनं सांगितलं. (तेव्हा मान वळत होती.)

आता मुख्य हकिकत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

दुसऱ्या तळ्याकाठी जेवण झालं. तिथून एक उभी चढण वरच्या गावात जाते, आणि गावाच्या पलीकडून दुसरी वाट खाली पुलापाशी उतरते. पूल तळ्यावरूनही दिसत होता, खाली, दहा मिनिटांच्या उतारावर. सगळे चढणीला लागले. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं मागे राहून धापा टाकत होतो. (नाडी बांधलेलीच होती.) तेवढ्यात गाईड माघारी आली, माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, ‘काका, आपण पुलापाशी थांबायचं हं. गाडी तिथंच येणार आहे.’ आणि पुढे निघून गेली.

सकाळपासून ‘काका, तुम्ही’ म्हणणारी मुलगी एकदम ‘आपण’ वर आली होती! मला वाटलं, अकरा चुकांचं चीज झालं. माणसाच्या विद्वत्तेची आणि गुडघ्यांची कदर करणारी पोरगी आहे, चारचौघांत लाज न काढता तिनं माझी खास सोय केली. मी कृतार्थ होऊन उलट फिरलो आणि एकटाच उतार उतरून पुलापाशी जाऊन थांबलो.

थांबलो म्हणजे किती? अडीच तास! पुलाशेजारी पाणचक्की आहे आणि ती माझ्याच वयाच्या एक आजी चालवतात. त्यांनी मला चक्कीच्या ओट्यावर बसवलं, मीठ लावलेला उकडलेला बटाटा दिला आणि विचारलं, ‘एकटेच आलात?’ मी म्हटलं, ‘एकटाच. राहतोही एकटाच.’ ‘अगं बाई!’ म्हणून त्या आत गेल्या आणि आणखी एक बटाटा घेऊन आल्या. पहिला बटाटा पाहुणा म्हणून होता, दुसरा एकटा म्हणून. दुसरा मला गिळवेना. जे सांगून तुझ्यावर बाजी मारायची म्हणून मी एवढा डोंगर चढून गेलो होतो, ते वाक्य ऐकून एका अनोळखी बाईला माझी दया आली होती. ड्रायव्हर गाडी घेऊन आला, मला एकट्याला पाहिलं आणि म्हणाला, ‘बाकीचे?’ (चारांपैकी पहिला शब्द.)

बाकीचे, ताई, वरच्या गावात मला शोधत होते. गाईडनं गावात पोचून खांदे मोजले, तर सातच. मग गोठे पाहून झाले, विहिरीत वाकून झालं, झोपणाऱ्या गृहस्थांची झोप उडाली, आणि दोघी बहिणींपैकी जिला दिसतं ती सगळीकडे बघत होती आणि जिला ऐकू येतं ती माझी हाक येते का म्हणून कान लावून उभी होती. शेवटी गाईड वाट सोडून सरळ कड्यावरून उतरत पुलापाशी आली. डोक्याचा रुमाल कुठंतरी पडलेला, कोपर खरचटलेलं. आता ही मला फाडून खाणार, अशी माझी खात्री होती. ती समोर येऊन उभी राहिली, माझ्या खांद्याला हात लावला, ‘आठ’ म्हणाली, आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

मी तिला म्हटलं, अहो, तुम्हीच तर सांगितलंत मला, आपण पुलापाशी थांबायचं म्हणून. तर ती नाक पुसत म्हणाली, ‘अहो काका, आपण म्हणजे आपण सगळे! गाव बघून झाल्यावर! तुम्हाला एकट्याला कशाला थांबवेन मी?’

ताई, जन्म गेला माझा भाषेत. ‘आपण’ दोन असतात. एक आदरानं चार हात लांब ठेवणारा, आणि दुसरा ‘तू आणि मी’ दोघांना एका मुठीत घेणारा. शाळेतल्या पोराला येतं हे. आणि मी तुझ्या पत्रावर समासात ‘कोण?’ असं विचारून लाल रेघ मारून बसलो होतो. भावोजींना जाऊन दोन वर्षं झाली. एकटी तूही होतीस. हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, याची मला लाज वाटते. आणि आठ महिन्यांत एक माणूस कमी आहे म्हणून मला कुणी मोजलं नव्हतं, हेही त्या पोरीच्या एका ‘आठ’ नं कळलं.

माझ्यामुळे उशीर झाला, पण तिनं तिसरं तळं चुकवलं नाही. त्यामुळे ते सगळ्यांना मावळतीच्या उन्हात दिसलं, तांब्यासारखं. थोरली बहीण धाकटीला रंग सांगता सांगता मध्येच थांबली, आणि धाकटी म्हणाली, ‘राहू दे, कळलं.’ सगळ्यांनी माझे आभार मानले. कुणी रागावलं असतं तर सोपं गेलं असतं. निघताना गाईडनं माहितीपत्रक पुढे करून विचारलं, आणखी काही सुधारायचं राहिलं का? मी ‘एक तास जीवन’ वरची माझी दुरुस्ती तेवढी रद्द केली.

तर सांगायचा मुद्दा असा की मी एकटा उत्तम राहू शकतो, हे या सहलीवरून सिद्ध झालेलं आहे.

तुझा,
ठोंब्या

ता. क. परतीच्या वाटेवर गाडी थांबवून आणखी एक चमचा घेतला. आता दोन आहेत. कारागीर नुसता हसला.

ता. क. दुसरा : तुझं ते पत्र फाडून टाकलं नसशील तर जपून ठेव. मुद्रित तपासताना चांगला शब्द चुकून खोडला गेला, तर त्याच्याखाली टिंबं देतात. ‘आहे तसं राहू द्या’ असा त्याचा अर्थ. तुझ्या ‘आपण’ खाली मला टिंबं द्यायची आहेत. (ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका मात्र चुकाच आहेत.)

ता. क. तिसरा : त्या दोन्हींपैकी तुझा ‘आपण’ कुठला होता, ते कळव. दुसरा असेल, तर मागच्या खोलीतलं शिलाई मशीन हलवू नकोस. त्याच्या आवाजात मला झोप लागते.

ता. क. शेवटचा : उत्तराची घाई नाही, मी पोचेपर्यंत दिलंस तरी चालेल. गुरुवारी दुपारी तीनच्या गाडीनं येतोय, सामान बरंच आहे. आपण स्टेशनवर थांबायचं. (हा मात्र आदरार्थी. मी गाडीत असेन.)