पांढरा गाभा

४ मे, सकाळी ६
यानहूचे कंद खणून झाले. पिवळेधमक, बोराएवढे. दुखणं थांबवणारा असा औषधी माल अख्ख्या पानआन तालुक्यात नाही. २० तारखेला तालुक्याच्या औषधी दुकानाच्या फान मॅडम गावातल्या एकाचाच माल निवडणार. एकोणीस वर्षं शेजारच्या चू बाओकनचा निवडतात. यंदा माझा. ठरलं.

७ मे
कंद उकडायची मोठी कढई फक्त चूकडे. आज माझी पाळी. त्याने आपणहून सरपणही दिलं. का?

गाभा पांढरा राहिला तर कीड लागते, जास्त शिजला तर लगदा. म्हणून एखादा कापून बघायचा. बायकोने, मेइयुनने, एक कापला. म्हणाली, झालंय हो, काढा आता. एवढी घाई? चूच्या बायकोशी हिची फार गट्टी. मी स्वतः पाच कापले. खात्री केलेली बरी.

८ मे
काल एक पांढरट वाटला होता. चूने सरपण मुद्दाम ओलं दिलं, उघड आहे. वाळत घातलेल्यातले तीस कापले. सगळे पिवळे. सगळेच कसे? माल बदलला तर नाही?

११ मे
चू कुंपणाशी थांबून म्हणाला, लोदादा, छान वाळतायत की! याच्या पोटात काहीतरी आहे. लगेच टोपलीभर कापले. यापुढे रोज फक्त दहा. कडक नियम.

१२ मे
नियम उद्यापासून.

१६ मे
उजवा खांदा धरलाय. मेइयुन म्हणाली, सुरी द्या इकडे, नाहीतर फान मॅडमनाच कापून बघाल. हिला सुरी कशाला हवी?

२० मे, दुपारी
फान मॅडमनी पोत्यात हात घातला. अर्धा कंद. पुन्हा घातला. अर्धा. म्हणाल्या, दादा, दुकानात अख्खेच चालतात. एखादा आहे का? मी म्हटलं, मॅडम, आतून बघा तरी! त्या म्हणाल्या, तेच बघतेय मघापासून. आणि चूकडे गेल्या.

डोळ्यांत पाणी आलं. खांद्यामुळे.

२० मे, संध्याकाळी
मेइयुनने यानहूची पूड गरम दारूतून दिली. तासाभरात खांदा मोकळा. म्हटलं, बघितलंस? आपला माल! ती म्हणाली, तुमच्या तुकड्यांना बुरशी आलीय. ही पूड बाओकनभावजींच्या कंदांची. तुमचा खांदा दुखतोय कळल्यावर स्वतः आणून दिले त्यांनी.

मग आणखी अर्धा चमचा मागून घेतला.