उजव्या हाताची किटली

३ फेब्रुवारी, मंगळवार
किटलीचा चौथा नमुना घरी आणला. विमानात चहा-कॉफी द्यायची किटली. दोन भिंती, मधली हवा काढलेली. आत उकळतं, बाहेर हात ठेवला तरी गार. पाठशाळेत न्यायशास्त्र शिकताना सगळी उदाहरणं घटाची असत. घट आहे, घट नाही, घट फुटला. त्यातून ओततात कसं, हे गुरुजींनी एकदाही विचारलं नाही. त्याची फळं आता भोगतेय.

सासूबाई मुख्य परीक्षक. गेला महिनाभर सकाळचा चहा ह्याच किटल्यांतून. आजचा शेरा: "गळत नाही. दिसायला मात्र दवाखान्यातली."

येत्या शुक्रवारी दिल्लीचे खन्ना (विमान कंपन्यांना भांडी हेच पुरवतात) हो म्हणाले की साच्याचं काम सुरू. इतकी वर्षं मी आणि भागीदार शिरीष दुसऱ्यांच्या मिक्सरची झाकणं सुधारत आलो. पहिल्या रेघेपासून आपलं असं हे पहिलंच भांडं. झोपेतही तोटी दिसते.

५ फेब्रु., गुरुवार
वरच्या मजल्यावरची केतकी सुट्टीवर आलीय. विमानात हवाई सुंदरी. (असं म्हटलं की भुवया चढतात. "केबिन क्रू, काकू!") तिला म्हटलं, ये, जरा ओतून बघ.

समोरासमोर खुर्च्या मांडल्या, मधे वाट. तिच्या डाव्या हाताला मी, उजव्या हाताला सासूबाई. त्यांनी खिडकीची जागा मागून घेतली.

माझा कप झकास भरला. मग केतकी सासूबाईंकडे वळली. ट्रे उजव्या हातात, किटली डाव्या. ओतताना दाबायचा झाकणाचा खटका सापडेना. अंगठा चाचपडला, किटली कलली, चहा ट्रेभर.

सासूबाई: "अगं, डाव्या हातानं कुणी वाढतं का?"

केतकी: "आजी, ट्रे प्रवाशाच्या बाजूच्या हातात धरायचा, किटली दुसऱ्या. ओतायचं वाटेवर, लोकांच्या मांडीवर नाही. अर्धं विमान डाव्या हातचाच चहा पितं."

फरशी पुसली. पुसताना सगळं लक्षात आलं. आमच्या घरी, शि.च्या घरी, त्याच्या कार्यशाळेतल्या मंडळींतही डाव्या हातानं वाढत नाहीत. चारही नमुने प्रत्येकानं उजव्यानंच ओतून पाहिले, आणि खटका दर नमुन्यात थोडा थोडा सरकत बरोबर उजव्या अंगठ्याखाली जाऊन बसला. "काय सहज सापडतो!" म्हणून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. सोवळ्यातली किटली केलीय आम्ही.

६ फेब्रु., शुक्रवार
सकाळीच नारायण पेठेत, शि.च्या कार्यशाळेत. सांगितलं. त्यानं किटली डाव्या हातात धरली, ठेवली, चष्मा पुसला.

"त्या मुलींना शिकवता येईल की उजव्यानं ओतायला."

"आणि ट्रे? तो डोक्यावर धरायचा?"

"अगं बाई, आज खन्ना हो म्हणतायत. दुसरा पुरवठादार त्यांच्या दारात उभा आहे. आज तू हे काढलंस तर..."

"उकळता चहा आहे, शिरीष. कुणाच्या तरी मांडीवर जाणार."

त्यानं चहा मागवला. पेल्यातून.

दुपारी खन्नांचा फोन. डाव्या हाताचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग: "मॅडम, सब राइट हँड से ही तो डालते हैं. ड्रॉइंग भेज दीजिए." म्हणजे होकारच. माझी हिंदी अशा वेळी संस्कृतच्या वळणानं जाते. "कृपया प्रतीक्षा कीजिए" म्हणून बसले. स्टेशनवरची घोषणा. ते हसले तरी. सतरा तारखेला पुण्यात येणारच आहेत, तोवर थांबतो म्हणाले. पुढचं वचन नाही.

शि. नंतर माझ्याशी "आपण" घालून बोलत होता. म्हणजे रागावलाय.

९ फेब्रु., सोमवार
खटका मधोमध आणायचा, तर तिथे वाफेचं भोक. भोक मागे सरकवलं की वाफ अंगठ्यावर. पुढे सरकवलं की ओतताना त्यातून चहा. पुठ्ठ्याची झाकणं कापून कापून बोटं दुखली.

शि.: "आपण म्हणाल तसं."

डोंबल.

१२ फेब्रु., गुरुवार
शि. संध्याकाळी कोथरूडला घरी हजर. न सांगता. पिशवीत नवं झाकण. वाफेला वेगळं भोकच ठेवलं नाही, तोटीतूनच वाट काढून दिलीय. खटका मधोमध, रुंद.

"घे. बघ आता."

घे! हुश्श.

केतकीनं आधी उजव्या, मग डाव्या हातानं चहा ओतला. सांडला नाही. पण उजव्या हाताला आधीची जास्त सोपी होती, असंही स्पष्ट म्हणाली. खरं आहे. उजव्याची थोडी सोय गेली, डाव्याची झाली. केतकी उद्या पुन्हा ड्यूटीवर.

१७ फेब्रु., मंगळवार
खन्ना घरी आले. शि. आधीच हजर. उंच, मृदू, घाईत. खुर्च्या परवासारख्याच मांडल्या. मी किटलीला हात घालणार, तर म्हणाले, मैं करता हूँ. कोट काढला. आधी जुनी, डाव्या हातात. अंगठा हवेत. "अरे." तेवढंच. मग नवी. सासूबाईंचा कप भरला, थेंब नाही.

सासूबाईंनी डाव्या हातचा तो चहा घेतला, प्यायला, म्हणाल्या, "साखर कमी आहे."

खन्नांना मराठी कळलं की काय कोण जाणे, पण हसले. मग कामाचं. नवा साचा, पुन्हा तपासण्या, वेळ गेला आहे मॅडम, दुसऱ्याची किटली तयार आहे, आणि ती स्वस्तही आहे. ती कोणत्या हाताची, विचारलं. त्यांनी पाहिलं नव्हतं.

खन्नांनी नवी किटली मागून घेतली. गाडीत मागच्या सीटवर मांडीवर धरून बसले. काच खाली करून: "ऊपर दिखाता हूँ. फिर बताता हूँ."

"कळवतो" म्हटलं की पुण्यात नाही समजायचं. दिल्लीत काय समजतात, शि.लाही ठाऊक नाही. आम्ही दोघं फाटकाशी बराच वेळ उगीच उभे.

जुनं ड्रॉइंग ठेवायचं का, शि.ला विचारलं. खन्नांनी तेच मागितलं तर?

"फाड," म्हणाला.